सायकलींचा सोमवार

नागप्पा दर सोमवारी दुकानातल्या सायकलींना अंघोळ घालायचे. पाणी असलं तर तांब्याने, नसलं तर ओल्या फडक्याने. मग चेनला तेलाचं बोट, हँडलला विभूतीची तीन बोटं, आणि दिवसभर सायकल जागची हलवायची नाही. आमच्या उदगीरकडे लिंगायतांच्या घरी सोमवारी बैलाला औताला जुंपत नाहीत. बैल म्हणजे नंदी, वार महादेवाचा. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. पण हा नेम सायकलीला लावलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी रोज वही लिहिते. दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की बसायचं आणि आज देवाने काय दिलं ते लिहायचं, एवढाच नियम. काहीच सुचलं नाही तर ‘आज नळाला पाणी आलं’ असं लिहून मोकळी होते. त्या वह्या चाळताना नागप्पांचं नाव इतक्या वेळा हाती लागलं, की त्यांच्याबद्दल एकदा सलग लिहावं असं मनात आलं. पेपरात नाव यावं असं त्यांनी काही केलं नाही. रेल्वे स्टेशनाबाहेर लिंबाच्या झाडाखाली पंक्चर काढणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख.

आमच्या मालकांची मोंढ्यात आडत. घराच्या पुढच्या अंगाला रस्त्याकडे दार असलेली एक मोठी खोली आहे, ती पोत्यांची. ऐंशीच्या आसपास दोन वर्षं पाऊस असा रुसला, की मूग-उडीद शेतातच करपला आणि त्या खोलीत उंदरांनाही करमेना. एक दिवस नागप्पा अंगणात येऊन उभे राहिले. हातात टोपी, धोतराला ग्रीसचे डाग. आमच्यात नमस्काराच्या जागी ‘शरणार्थी’ म्हणतात, तसं म्हणाले.

“शरणार्थी मालक. शरणार्थी अक्का. ती पोत्याची खोली रिकामी हाय म्हणं.”

“हाय की,” मालक म्हणाले. “किरायानं पायजे का?”

“किराया न्हाई देणार.”

“मग इकत घेता का काय?”

“न्हाई. फुकट पायजे.”

मालक मोठ्याने हसले. “नागप्पा, उन्हात बसून बसून डोकं तापलं का हो तुमचं?”

“धा वर्षं तापलेलंच होतं मालक. आत्ता कुठं थंड व्हायलंय.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. जळकोट रस्त्यावरच्या खेड्यांतली पोरं सातवीनंतर उदगीरला शाळेला येतात. घरात खायलाच नाही तिथे एसटीचं तिकीट कुठून काढणार? म्हणून स्टेशनावरून दिसणारी तोंडं एकेक कमी व्हायला लागली होती. “घरोघर मोडक्या सायकली पडून हायत. मी नीट करतो. पोरायला देतो. पोटापुरतं माझं कायक स्टेशनावर चालू हाय, पण दासोह राहिलाय की हो.”

कायक म्हणजे पोटासाठीचं पण देवाचं म्हणून केलेलं काम, आणि त्यातून जे उरेल ते हिशेब न ठेवता दुसऱ्यापुढे ठेवायचं तो दासोह. हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पाठ असणं वेगळं आणि अंगणात उभं राहून मागणं वेगळं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “पोती आली की जागा मोकळी करून देतील.” ते म्हणाले, “पोती येतील तेव्हा बघू,” आणि किल्ली काढून दिली.

नागप्पांनी खांद्याला झोळी लावली आणि जंगम भिक्षेला फिरतात तसे घरोघर फिरले. एका घरी चाक मिळालं, दुसऱ्या घरी हँडल, तिसऱ्या घरी माळ्यावर पडलेली अख्खी सायकल, फक्त सीट उंदरांनी खाल्लेली. बायका विचारायच्या, “पीठ नको का?” ते म्हणायचे, “पीठ नको माय, पायडल असंल तर बघ.” बसव जयंतीच्या दिवशी दुकान उघडलं. पाटी मी रंगवली, कारण माझं अक्षर बरं. ‘नंदी सायकल दासोह. येथे पैसे घेतले जात नाहीत.’ आणि खाली, नागप्पांनी सांगितलं म्हणून, ‘सोमवारी सायकलीला विसावा.’ ही शेवटची ओळ मी जास्त ठळक काढली. माझाही सोमवारचा उपास. मला ती ओळ फार आवडली होती.

दुकानाची रीत साधी होती. पोरगं येईल त्याने एक सायकल पूर्ण सुटी करायची, पुन्हा जोडायची, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. जमलं की तीच सायकल शाळा संपेपर्यंत त्याची. दहावी झाली की परत आणायची आणि जाताना एका लहान्याला हे सगळं शिकवून जायचं. पहिल्या वर्षी बारा जण झाले. दर रविवारी ही बारा जणं सायकली घेऊन यायची, किल्ल्यापर्यंत शर्यत लावायची, आणि हरलेल्याने सगळ्यांच्या चाकांत हवा भरायची. आमची गल्ली नुसती घंट्यांनी भरून जायची.

त्या बारांत एकच मुलगी होती, धोंडवाडीची केवळा. बाप दगडोबा, कोरडवाहू चार एकर, घरात ही थोरली. आली तेव्हा आठवीत होती आणि सायकलीच्या नळीपेक्षा जेमतेम वीतभर उंच.

नागप्पा म्हणाले, “एवढीशी तू, अन् ही सायकल. कोण कुणाला घेऊन जाणार?”

“पयले मी तिला ढकलते, मग ती मला,” केवळा म्हणाली.

“पडलीस तर?”

“पडले तर जिमीन हायच की.”

तिने दोन दिवसांत सायकल सुटी करून जोडली. एक आरा उरला. नागप्पांनी तो तिच्यापुढे धरला तर म्हणते, “ह्यो जास्तीचाच होता.” त्यांनी पुन्हा सगळं चाक सोडायला लावलं. नळीखालून पाय घालून, वाकडी होऊन ती सायकल चालवायची. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. महिनाभराने हसू थांबलं, कारण रविवारच्या शर्यतीत ती पोरांना हवा भरायला लावू लागली.

सोमवारच्या नेमाचं मूळ नागप्पांनी मला एकदाच सांगितलं. पावसाळ्यात कोरडी ढगं बघत आम्ही ओट्यावर बसलो होतो, पोरं आत चेन धूत होती. जळकोटकडे त्यांचं शेत होतं, एक बैलजोडी होती. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, पाणी चार कोसांवरून गाडीवर पिंप ठेवून आणावं लागे. एका सोमवारी घरात थेंब नव्हता, म्हणून त्यांनी बैल जुंपले. परतीच्या वाटेवर थोरला बैल खाली बसला तो उठलाच नाही. “त्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई अक्का. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.” दुसरा बैल गुरांच्या छावणीत गेला. नागप्पा उदगीरला आले, ते पुन्हा औत न धरण्यासाठीच.

 त्या दिवशीच्या वहीत एवढंच आहे: ‘नेम असावा तर असा.’

ब्याऐंशी साली पंधरा ऑगस्टला झेंडा झाला आणि सोळाला जिल्हा. लातूर वेगळा जिल्हा झाला, उदगीर त्यात गेलं. तोवर प्रत्येक कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागे; जाण्यात एक दिवस, साहेब नसला तर दुसरा. मोंढ्यात फटाके वाजले. मालकांनी पाच किलो साखर आणून दारात ठेवली, येईल त्याच्या हातावर चिमूट. “जिल्हा घराजवळ आला, शांतम्मा!” ते सारखं म्हणत होते.

तो श्रावणातला शेवटचा सोमवार. शाळांच्या फेऱ्या सकाळी आमच्याच रस्त्याने गेल्या. मी साखरेचं ताट घेऊन उभी होते आणि आमची बारा पोरं शोधत होते. चार दिसली. सगळ्यात शेवटी केवळा. रांगेच्या मागून जवळजवळ पळत येत होती. परकर गुडघ्यापर्यंत धुळीने लाल. चपलेचा अंगठा तुटलेला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. मी बाकीच्या तिघांच्या पायांकडे पाहिलं. तिघांच्याही चपलांना तीच काळी पट्टी.

फेरी संपल्यावर ती पाणी प्यायला आमच्या ओट्यावर आली. नागप्पा आत सायकली पुसत होते.

“सायकल कुठंय गं?”

“घरी. आज सोमवार न्हाई का, अव्वा.”

“मग कशानं आलीस? एसटीनं?”

ती हसली. “एसटी काय मामाची हाय? पायानं.”

“नऊ किलोमीटर?”

“जायचे नऊ, यायचे नऊ.”

“दर सोमवारी?”

“दर सोमवारी न्हाई.” तिने तांब्या खाली ठेवला. “कधी कधी येतच न्हाई.”

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. मला, खरं सांगते, सव्वा वर्षात एकदाही हा विचार शिवला नव्हता. सोमवारी शाळा असते, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण माझ्या डोक्यात सोमवार म्हणजे उपास, पूजा, बेल. पोरं त्या दिवशी कशी येतात हे मी विचारलं नाही, आणि नागप्पांनीही नाही. त्यांना लेकरूबाळ नव्हतं. मी मात्र तीन पोरं शाळेत घातलेली बाई.

हळूहळू बाकीचं निघालं. शाळेतल्या गुरुजींनी हजेरीचं पुस्तक पुढे धरून सांगितलं होतं: केवळाचे सोमवार सारखे गैरहजर, आणखी एक सोमवार चुकला तर नाव कमी. आणि दगडोबा म्हणाले होते, नाव कमी झालं तर बरंच झालं, घागरी तरी भरशील. विहिरीला तळ दिसत होता. पाण्याला दोन माणसं लागत होती. आज पहाटे उठून, दोन घागरी भरून ठेवून मग ती चालत निघाली होती.

“अगं, मग आम्हाला सांगायचं न्हाई का?”

“शूऽ!” तिने दुकानाकडे बोट केलं. “नागप्पाकाकाला तर अजाबात सांगू नका. त्यांच्या बैलाचं आमाला ठावं हाय. त्या दिशी आमी चेन धुत होतो तवा ऐकलं. सगळ्यायनी ठरवलंय, कुणी बोलायचं न्हाई.”

बारा पोरं. त्यांत आमच्या धर्माची तीन. बाकीच्यांचा सोमवार थोडाच होता? तरी एका म्हाताऱ्याच्या बैलासाठी बाराही जणं मुकाट्याने चालत होती, किंवा शाळा बुडवत होती. आणि तो नेम भिंतीवर माझ्या अक्षरात होता, ठळक.

मी तिला सांगितलं, की मी हे पोटात ठेवणार नाही. ती रागावली, साखर न घेताच गेली. मी आत गेले आणि नागप्पांना सगळं सांगितलं. ते उकिडवे बसून रिम पुसत होते. हात थांबला.

“मंग मला कामून बोलली न्हाईत?”

“तुम्हाला वाईट वाटंल म्हणून.”

त्यांनी रिम खाली ठेवली. बाहेर फटाके चालू होते. मग म्हणाले, “अक्का, म्या बैलाला एक डाव सोमवारी जुंपलं. अन् ह्या लेकरायला दर सोमवारी जुंपत आलो की.”

त्यांनी फडकं रिमवरच टाकलं आणि स्टेशनाकडे निघून गेले.

मंगळवारी सकाळी मी पूजेला बसले. इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि विचारलं, देवा, तुझा वार बदलू का? आमच्याकडे देव असा लगेच बोलत नाही. पण लिंग हातावर रोजच्यासारखंच गार होतं. रागावल्यासारखं मला काही जाणवलं नाही. उठले आणि रंगाचा डबा काढला. मालकांनी दारातून पाहिलं.

“आता काय? म्हादेवाला रविवार देणार का? त्येला इचारलं का?”

“इचारलं.”

“मग?”

“न्हाई म्हणाला न्हाई.”

“तू इचारल्यावर या घरात कोण न्हाई म्हणतं?” असं पुटपुटत त्यांनीच स्टूल आणून दिलं. मी पाटीवरची शेवटची ओळ पुसली.

पण खरी अडचण पुढेच होती. शाळा सुटल्यावर नागप्पांनी बाराही जणांना बोलावलं आणि सांगितलं, “येत्या सोमवारपासून सायकली चालवायच्या.” कुणी हललं नाही. पोरं केवळाकडे बघायला लागली. ती माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली, “न्हाई चालवणार.”

“नाव कमी होईल गं तुझं.”

“होऊ द्या. तुमचा नेम मोडून शाळा न्हाई शिकायची आमाला.”

“अगं येडे, म्या सांगून राहिलो ना!”

“तुमी सांगून राहिले, पण तुमाला झोप येणार हाय का? रविवारी रातच्याला बैल येईल तुमच्या सपनात, मग आमची आठवण काढताल.”

पोरीचं तोंड फाटकं खरं, पण ती चुकीचं बोलली नव्हती. नागप्पांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. ते दाराच्या उंबऱ्यावर बसले. पाना एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून पहिल्या. मला वाटलं आता गेलं. केवळाची शाळा गेली, आणि बहुतेक हे दुकानही. कारण जिथे पोरांचे पाय सोलले ते दुकान या माणसाने पुन्हा उघडलं नसतं.

“बरं,” ते म्हणाले. “नेम मोडायचा न्हाई म्हणताव ना? न्हाई मोडत. सोमवारी चालायचं ते कुणीतरी चालायला पायजे, आसंच ना? तर म्या चालतो.”

“म्हंजे?”

“सोमवारी दुकान बंद, स्टेशन बी बंद. पंप खांद्याला, पिशवीत सोल्युशन अन् पाना. पहाटे निघतो, धोंडवाडीपर्यंत पायी जातो, पायी येतो. वाटेत कुणाची चेन उतरली, पंक्चर झालं तर म्या हायच. सायकलीचा इसावा माझ्या पायानं भरतो. तुमी नुसतं हाणा.”

“उपाशी?” एका पोराने विचारलं.

“मंग? सोमवारी का जिलबी खाऊन चालणार हाय?”

केवळाने त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग सौदा ठरवावा तशी म्हणाली, “चप्पल घालायची.”

“घालतो.”

“अन् पाणी प्यायचं.”

“पितो माय. अजून काय?”

“अजून काय न्हाई,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

पुढचं वह्यांत तुकड्या-तुकड्याने आहे. चौऱ्याऐंशीत मोंढ्यात माल चांगला आला. मालकांनी पोती मागच्या पडवीत लावली आणि खोलीचा विषय काढला नाही. त्याचे आभार मी वहीत मानले, तोंडावर नाही. तोंडावर मानले असते तर ते लाजून बाहेर गेले असते. केवळा दहावीला पास झाली. रीतीप्रमाणे तिने सायकल परत आणली आणि दोन मुलींना शिकवून मगच गेली. आज ती किनवटला आश्रमशाळेत शिकवते. नागप्पा अकरा वर्षं सोमवार चालले. पुढे गुडघे गेले तेव्हा पोरांनी वार वाटून घेतले, दर सोमवारी एक जण चालायचा.

पण मला लिहायचं होतं ते त्या पहिल्या सोमवारचं.

सकाळी साडेनऊच्या सुमाराला घंट्या ऐकू आल्या. मी पीठ मळत होते, तशीच पिठाचे हात घेऊन बाहेर आले. बाराही सायकली रांगेने आमच्या दारावरून गेल्या. केवळा पुढे, नळीखालून पाय, वेणी उडतेय. थांबली नाही, वळून ओरडली, “अव्वा, काका मैलाच्या दगडापाशी दिसले! हवा भरायला कुणी थांबलंच न्हाई म्हणून रुसले!” शाळा भरायला तेव्हा अर्धा तास होता. संध्याकाळी तिने जाता जाता सांगितलं, गुरुजींनी हजेरी घेताना तिच्या नावापाशी मान वर केली, पाहिलं, आणि काही न बोलता पुढचं नाव घेतलं.

नागप्पा दिवेलागणीला परतले. ओट्याला टेकून बसले. मी पाय धुवायला कोमट पाणी आणि एका ताटलीत उपासाची भगर आणली. टाचेला दोन मोठे फोड होते. चप्पल मात्र घातलेली होती, शब्द दिल्याप्रमाणे. त्यांनी पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले. दगडोबांनी त्यांना गावात बसवून घेतलं होतं, पाणी दिलं होतं, आणि केवळाचा विषय कुणी काढला नव्हता.

मला वाटलं, बैलाबद्दल काही बोलतील. दहा वर्षांचं ओझं उतरलं म्हणतील. तसं काही झालं नाही. त्यांनी भगरीचा एक घास घेतला, चावला, आणि एखादी नवी बातमी सांगावी तसं म्हणाले,

“अक्का, धोंडवाडी लई लांब हाय हो.”